फोटोतून काढलेली बाई

हौसाताईंच्या खालच्या ओठावर डाव्या बाजूला एक काळा ठिपका असे. कर्जतमध्ये पुष्कळांना तो तीळ वाटायचा. तो तीळ नव्हता. ब्रशचं टोक ओठांत धरून बारीक करायची त्यांना सवय होती आणि ब्रशला दिवसभर काळा रंग लागलेला असायचा. मंगळवारी स्टुडिओ बंद. त्यामुळे बुधवारी सकाळी ठिपका फिकट दिसे, सोमवारी संध्याकाळी गडद.

मी त्या काळात एका दैनिकाचा कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांचा वार्ताहर होतो. हौसाताईंविषयी मी एकदा चार ओळींची बातमी दिली. ती छापून आली. तिच्यात एकही चूक नव्हती, पण जे घडलं तेही तिच्यात नव्हतं. ते इथे लिहितो. पाहिलेलं पाहिलं म्हणून, ऐकलेलं ऐकलं म्हणून.

स्टेशनकडून बाजारात जाणाऱ्या रस्त्यावर नानांचा फोटो स्टुडिओ होता. पुढे काउंटर, मधे पडदा आणि खुर्ची असलेली खोली, तिच्यामागे डार्करूम आणि अगदी शेवटी उत्तरेला खिडकी असलेली चिंचोळी खोली. हौसाताई तिथे बसत. समोर उतरतं लाकडी मेज, मेजाच्या मधोमध दुधी काच, काचेखाली आरसा. खिडकीतला उजेड आरशावर पडून काचेतून वर यायचा. काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि सुईसारख्या टोकाच्या शिसपेन्सिलीने तिच्यावर काम करायचं. पेन्सिल लागली की छापताना तेवढी जागा उजळते. ब्लेडने खरवडलं की काळवंडते. सगळं उलटं. देवीचे व्रण, डोळ्यांखालची वर्तुळं, दोन भुवयांमधली आठी त्या अशा उलट्या बाजूने घालवत. नुसतं घालवणंच नव्हे. नसलेला माणूस फोटोत आणणं, असलेला काढणं, एकाच्या अंगात दुसऱ्याचा कोट घालणं, काळ्या-पांढऱ्या फोटोला हाताने रंग देणं, ही सगळी कामं त्या खोलीत व्हायची.

हौसाताई मूळच्या कळंबच्या. त्यांचं लग्न खालापूर तालुक्यातल्या एका गावात, भाताची गिरणी असलेल्या घरात झालं. गावाचं नाव देत नाही. गिरणी अजून चालू आहे. नवरा बाळाराम. लोक त्याला बाळारामशेठ म्हणत. चार वर्षांत मूल झालं नाही. गौरीला माहेरी जा, मी न्यायला येतो, असं सांगून त्याने बायकोला कळंबला पाठवलं. न्यायला कोणी आलं नाही. सहा महिन्यांनी कळलं की त्याने पेणकडची शेवंती नावाची मुलगी लग्न करून आणली. हौसाताईंचा भाऊ विचारायला गेला. बाळारामशेठ ओट्यावरूनच बोलला.

“कसली बायको रं? कामाला ठेवलेली. काम झालं, पाठवली.”

दहा-पंधरा माणसं ऐकत उभी होती. त्यांत लग्नात जेवलेलेही होते. एकही बोलला नाही. सगळ्यांचं भात त्याच गिरणीत भरडायला जायचं.

हे वाक्य भावाने घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं आणि हौसाताईंनी ते जसंच्या तसं ठेवलं. लग्न लावणारे भटजी वारले होते. नोंद कुठेच नव्हती. लग्नात एकच फोटो काढला होता, तो सासरी. त्याची काचेची निगेटिव्ह पनवेलच्या एका स्टुडिओत असायला हवी होती, पण त्या काळी जुन्या काचा धुऊन चौकटींना विकायची पद्धत होती. त्यांच्या लग्नाची काच कोणाच्या तरी खिडकीत बसली असणार.

पोटगी मागा, असं त्यांना अनेकांनी सुचवलं. मीही. त्या चिडत.

“मला त्याचा तांदूळ नको. मी त्याची कामवाली नवते, येवढं कागदावर पायजे. आनि ते त्यानं उभं राहून ऐकाया पायजे.”

एवढीच मागणी. ती मी त्यांच्या तोंडून निदान वीस वेळा ऐकली असेल. एका शब्दाचाही फरक पडला नाही.

नानांकडे त्या प्रथम झाडलोटीला लागल्या. नानांची नजर तेव्हा उतरली होती आणि निगेटिव्हचा ढीग साचला होता. एकदा नाना खिडकीशी निगेटिव्ह धरून डोळे बारीक करत होते. झाडू थांबवून हौसाताई म्हणाल्या, “नाना, नाकापाशी तीन खडे हायेत.” नानांना एकच ठिपका दिसत होता. भिंग लावलं तेव्हा तीन दिसले. गिरणीच्या घरात चार वर्षं तांदूळ निवडलेले डोळे ते. धुळीच्या ठिपक्यांना त्या शेवटपर्यंत खडेच म्हणत.

नानांनी पेन्सिल हातात दिली. पहिल्या वर्षात त्यांच्या हातून एक मोठी चूक झाली. एका मुख्याध्यापकांचा निवृत्तीचा फोटो होता. हौसाताईंनी इतक्या मन लावून चेहऱ्यावरचे खडे वेचले की तो तांदळासारखा झाला. फोटो न्यायला मुख्याध्यापकांच्या पत्नी आल्या. पाकीट उघडून बघितलं आणि परत काउंटरवर ठेवलं.

“हे आमचे नव्हेत.”

“अहो, तेच आहेत,” नाना म्हणाले.

“नाना, चाळीस वर्षं संसार केलाय. हे असते तर मी ओळखलं नसतं?”

नानांनी त्या दिवशी शिकवलेला नियम हौसाताईंनी भिंतीवर लिहून ठेवला होता: सुरकुती काढायची, वय काढायचं नाही.

बाकीचे नियम त्यांचे स्वतःचे. “कडा आधी, तोंड शेवटी.” “मानूस कापाया सोपा. त्याची सावली कापाया दोन दिस लागतात.” आणि चिकटवण्याचा गोंद नेहमी ओल्या फडक्याखाली ठेवलेला असे, त्यावरून: “राग पन असाच ठेवायचा, ओला. सुकला की धरत नाय.”

त्यांचा राग सुकत नसे, याचा अनुभव गावाने घेतला होता. समोरच्या हॉटेलवाल्याने एकदा गिऱ्हाइकांसमोर त्यांना ‘टाकलेली’ म्हटलं. दोन वर्षांनी त्याच्या लग्नाचा फोटो या खोलीत आला. फोटो सुंदर झाला, फक्त नवरदेव जरा खुळा दिसत होता. का, ते कोणालाच सांगता येईना. मी विचारलं तेव्हा त्या सरळ म्हणाल्या, “डोळ्यात पांढरा ठिपका असतो ना उजेडाचा? तो केसभर हलवला की शहाना मानूस येडा दिसतो. जास्त नाय हलवायचा. केसभरच.”

सुनांना फोटोतून काढायची कामं वर्षातून दोन-चार यायची. कोणी पळालेली, कोणी टाकलेली, कोणी विहिरीत सापडलेली. घरचा सामुदायिक फोटो असे, तो फेकवत नाही, मग मधली एक काढा. हौसाताई काढत. कापलेला तुकडा मात्र कचऱ्यात जात नसे. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात जाई. एकदा त्यांनी मला तो उघडून दाखवला. बोटाएवढ्या दहा-बारा बायका एकमेकींवर पडल्या होत्या. “घरात नाय ठेवलं, फोटोत नाय ठेवलं,” त्या म्हणाल्या. “हितं तरी ऱ्हाऊ दे.”

मला त्यांची गरज धंद्यामुळे पडे. वर्तमानपत्रात फोटो धूसर छापला जाई, म्हणून छपाईचा ब्लॉक करायला पाठवण्याआधी माणसांच्या कडा ब्रशने गडद करून घ्याव्या लागत. ते काम त्या करत. एका वेळी मी त्यापुढे गेलो. एका बंधाऱ्याचं उद्घाटन होतं. पुढारी तीन तास उशिरा आले, तोवर नारळ दुसऱ्याने फोडला होता आणि फोटोग्राफरचा रोल संपला होता. संपादकांना पुढाऱ्यांसह फोटो हवा होता. मी पुढाऱ्यांचा एक जुना फोटो घेऊन हौसाताईंकडे गेलो.

त्यांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. “पेपरवाले, बंधाऱ्यावर ऊन डावीकडनं हाय. याच्या तोंडावर उजवीकडनं. याला उलटा छापाया लागंल.”

“मग सदऱ्याचा खिसा उजवीकडे जाईल.”

“पेपरात खिसा कोन बघतंय?”

फोटो पहिल्या पानावर आला. पुढाऱ्यांनी मला चहाला बोलावलं. खिसा कोणी बघितला नाही. पुढे एकाने बघितला. ते क्रमाने येईल.

एका पावसाळ्याच्या शेवटी बाळारामशेठचे दिवाणजी नानांच्या काउंटरवर आले. ते नोकरीला नंतर लागले होते. हौसाताईंना ओळखत नव्हते. त्यांनी दोन फोटो दिले. एक लग्नातला, नवरा खुर्चीवर बसलेला, बायको मागे उभी. दुसऱ्यात एक बाई एकटीच, दोन्ही हातांत नारळ धरून. “पहिल्यातली ही मागची काढायची, तिथे ही घालायची. रंगीत करून द्या. शेठना ओसरीत लावायचाय.” पहिल्या बायकोची आठवण घरात नको, एवढंच कारण होतं. कर्जतच्या मागच्या खोलीत कोण बसतं, याची शेठला कल्पना नव्हती.

यानंतरचं मला नानांनी सांगितलं. फोटो घेऊन ते मागे गेले. हौसाताईंनी बराच वेळ तो हातात धरला. नानांनी फोटो बघितला, मग त्यांच्याकडे बघितलं.

“हौसा, ही तू?”

“हाय.”

“मी परत करतो. सांगतो, जमणार नाही.”

“नाना, काम आलंय, काम करायचं. दहा दिस लागतील म्हनावं.”

त्यांनी आधी लग्नाच्या फोटोवरून एक नवी निगेटिव्ह करून घेतली. मग काम केलं. दिवाणजी फोटो घेऊन गेले तेव्हा खूश होते. शेवंतीबाई शेठच्या मागे जन्मभर तिथेच उभ्या असल्यासारख्या दिसत होत्या. मूळ फोटो शेठने चुलीत घातला, असं पुढे कळलं. रंगीत फोटो ओसरीत लागला. पुढची सात-आठ वर्षं काही झालं नाही.

मी एकदा म्हटलं, तुमच्याकडे निगेटिव्ह आहे, आता कोर्टात जा.

“मी गेले तर धा वरसं तारखा पडतील नि तो येनार पन नाय,” त्या म्हणाल्या. “त्यालाच कोर्टात याया पायजे. आपल्या पायानं. रागानं.”

तो राग कसा आणायचा, हे त्यांना एका खेळण्याने शिकवलं. कर्जतला पत्र्याच्या शेडचं एक थिएटर होतं. तिथे गफूरभाई मशीन चालवत. मध्यंतरात गावातल्या दुकानांच्या जाहिरातींच्या काचा पडद्यावर दाखवल्या जात. त्या काचा हौसाताईच रंगवत. माथेरानच्या एका साहेबाच्या बंगल्यातलं सामान विकलं गेलं, तेव्हा गफूरभाईंनी त्यातून एक लाकडी चौकट आणली होती. चौकटीत दोन काचा होत्या, एक बसलेली, एक सरकणारी. दांडी ओढली की पडद्यावरची मडम छत्री उघडायची. लोटली की मिटायची.

“बाई, ये तो बच्चों का खिलौना है,” गफूरभाई म्हणाले.

हौसाताईंनी ती चौकट आठ दिवस घरी नेली. कोणता भाग पहिल्या काचेवर, कोणता दुसऱ्या, कोणती जागा काळी ठेवायची, सरकताना कडा कुठे लपते, हे त्यांनी तिच्यावरून शिकून घेतलं. स्टुडिओतल्या फुटक्या काचांवर सराव केला. काचेवरच्या नानांचा हात वर-खाली होऊ लागला. काचेवरचे गफूरभाई डोळे मिचकावू लागले. फोटो हलवायचा म्हणजे तो दोनदा खोटा करायचा, असं हौसाताईंचं म्हणणं होतं. पहिलं खोटं दुसऱ्याशी जुळलं पाहिजे.

मग बाळारामशेठने गिरणीत नवं यंत्र बसवलं आणि जाहिरात द्यायची ठरवली. दिवाणजी पुन्हा काउंटरवर. काचेवर शेठचा फोटो हवा होता. नानांनी हौसाताईंनी सांगितल्याप्रमाणे सुचवलं, “नवा कशाला? लग्नातलाच घेऊ. शेठ तरुण दिसतील.” शेठला ते आवडलं.

त्या रविवारी तीनच्या खेळाला मी थिएटरात होतो. शेठ मंडळींसह खुर्च्यांत बसले होते. मध्यंतर झालं. चौथी का पाचवी काच त्यांची. पडद्यावर तरुण बाळाराम खुर्चीवर बसलेला, खाली ‘भात भरडून मिळेल’. मागच्या बाकांवरून कोणीतरी शिट्टी मारली. शेठ हसले. तेवढ्यात गफूरभाईंनी दांडी ओढली. खुर्चीच्या मागची मोकळी जागा भरत गेली आणि तिथे नऊवारी नेसलेली, मुंडावळ्या बांधलेली एक मुलगी उभी राहिली. तिचा हात बाळारामच्या खांद्यावर होता.

मग पुढून आवाज आला, “आरं, ही तर कळंबची हौसा!”

“शेठ, वैनी आल्या रं!”

“खुर्ची द्या की त्यांना!”

गफूरभाईंनी दांडी लोटली. मुलगी गेली. पुन्हा ओढली. पुन्हा आली. असं तीनदा. बाळारामशेठ ओरडत उठले आणि मशीनच्या झोताच्या आड आले. पडद्यावरची मुलगी निघून त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडली. ते वळले तशी त्यांच्या पाठीवर गेली. लोक बाकांवर उभे राहून हसत होते. त्यांत गिरणीवर भात आणणारे पुष्कळ होते. अंधारात कोण हसतंय ते शेठला दिसत नव्हतं.

हौसाताई थिएटरात नव्हत्या. दुसऱ्या दिवशी मी सगळं सांगितलं. त्यांनी काम थांबवलं नाही. एवढंच विचारलं, “तिसऱ्या येळी कड दिसली का?”

पंधरा दिवसांत शेठने अब्रुनुकसानीची फिर्याद केली. या बाईचा माझ्याशी काही संबंध नाही, ती आमच्याकडे कामाला होती, खोटा फोटो करून तिने माझी बदनामी केली. हौसाताईंना समन्स आलं. त्यांनी ते मला दाखवलं. चाळीस वर्षांच्या बाईला सरकारी कागद बघून इतकं समाधान झालेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. “आला,” त्या म्हणाल्या.

कोर्टात मात्र त्यांच्या हिशेबाबाहेरची गोष्ट निघाली. शेठच्या वकिलांनी निगेटिव्हकडे बघितलंही नाही. त्यांनी आमच्या दैनिकाचा एक जुना अंक काढला. पहिल्या पानावर बंधारा होता.

“या फोटोत पुढाऱ्यांच्या सदऱ्याचा खिसा उजवीकडे आहे. साहेब, असा सदरा कोणताही शिंपी शिवत नाही.” मग त्यांनी मला साक्षीला बोलावलं. पुढारी त्या वेळी तिथे होते का? नव्हते. फोटोत कोणी घातले? मी हौसाताईंकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मी नाव सांगितलं.

“म्हणजे जे घडलंच नाही त्याचा फोटो करणं, हा या बाईंचा रोजचा व्यवसाय आहे?”

मी हो म्हणालो. शपथेवर दुसरं काही म्हणता येत नव्हतं. पंधरा वर्षं शिकलेलं काम त्या एका ‘हो’ने त्यांच्या अंगावर उलटलं. ज्या बाईला कोणालाही कोणाशेजारी उभं करता येतं, तिने स्वतःला नवऱ्याशेजारी उभं केलं तर त्यावर विश्वास कोण ठेवणार? बाहेर आल्यावर मी माफी मागायला गेलो.

“खरं बोललात, त्यात काय?” त्या म्हणाल्या. “आता त्याला खोटं बोलू दे.”

पुढच्या तारखेला शेठ खोटं बोलले. खरा फोटो म्हणून त्यांनी ओसरीतली रंगीत फ्रेम कोर्टात हजर केली. हा माझ्या लग्नाचा फोटो. माझ्यामागे माझी पत्नी शेवंती. यात कसलाही फेरफार नाही. दिवाणजींनीही शपथेवर तेच सांगितलं. कामाची पावती नानांकडे होती, ती हौसाताईंच्या वकिलांनी काढू नये असं हौसाताईंनीच बजावलं होतं. वकील तरुण होते, घाबरले होते. शेवटी हौसाताई स्वतःच उभ्या राहिल्या.

“साहेब, काच काढून फोटो बाहेर घ्यायचा हाय. नि कापूस नि पानी पायजे.”

शेठच्या वकिलांना हसू आलं. “जरूर, जरूर.” शिपायाने खिळे काढले.

“मी हात लावनार नाय,” हौसाताई म्हणाल्या. “नायतर म्हनतील हिनंच केलं. कारकूनसाहेबांनी पुसावं. शेटच्या डाव्या खांद्यावर. शेल्याची लाल घडी हाय तिथं. हलक्या हातानं, येका दिशेनं.”

कारकुनाने पुसलं. कापसाला लाल रंग आला. तो पाण्याचा रंग होता. बाकी सगळा फोटो तेलाच्या रंगात होता, तेवढी घडी सोडून. घडी गेली आणि तिथे चार बोटं दिसू लागली. खांदा धरलेली, बाईची. शेवंतीबाई मागे उभ्या होत्या आणि त्यांचे दोन्ही हात नारळावर होते.

मॅजिस्ट्रेटांनी भिंग मागवलं. बराच वेळ बघितलं.

“फिर्यादी, हा हात कोणाचा?”

“घडी हाय, साहेब. शेल्याची.”

“घडीला नखं आहेत.”

हौसाताईंनी आपला उजवा हात टेबलावर ठेवला. मधल्या बोटावर पाच ठिपक्यांचं गोंदण होतं. मॅजिस्ट्रेटांनी भिंग फोटोवरून हातावर नेलं, हातावरून फोटोवर. शेवटच्या बाकावर शेवंतीबाई दोन मुलांना घेऊन बसल्या होत्या. त्याही आपल्याच फोटोकडे बघत होत्या.

“उभे राहा,” मॅजिस्ट्रेट शेठना म्हणाले. ते उभे राहिले. निकाल त्याच महिन्यात लागला, तोही त्यांनी उभं राहूनच ऐकला. फिर्याद फेटाळली, फिर्यादी व आरोपी यांचा विवाह झाला होता असं दिसतं, हे वाक्य त्यात होतं. ते वाचलं जात असताना हौसाताई न्यायाधीशांकडे नव्हे, नवऱ्याच्या गुडघ्यांकडे बघत होत्या. तो मधेच खाली बसतो का, हे मी बघत होते, असं त्यांनी नंतर सांगितलं. मी चार ओळींची बातमी दिली.

निकालाच्या त्यांनी पाच नकला काढून घेतल्या. भिंतीवर एकही लावली नाही. माणसं काढायची कामं त्या दिवसापासून बंद केली. गोंद मात्र ओल्या फडक्याखालीच राहिला. मला वाटलं होतं, हवं ते मिळाल्यावर बाई मऊ होईल. मी तसं बोलूनही दाखवलं.

“कागद मला मिळाला,” त्या म्हणाल्या. “गावाला कुटं मिळालाय?”

बऱ्याच वर्षांनी बाळारामशेठ वारले. नाना त्याआधीच गेले होते. स्टुडिओ हौसाताई चालवत होत्या. दिवाणजी निधनाची बातमी घेऊन माझ्या घरी आले. गिरणीचे मालक, दानशूर वगैरे, ‘त्यांच्या पश्चात पत्नी शेवंतीबाई व दोन मुलगे असा परिवार आहे.’ ते गेले आणि तासाभरात हौसाताई आल्या. हातात निकालाची नक्कल. त्यांनी ती माझ्या मेजावर ठेवली.

“लिवलंत?”

मी कागद वाचून दाखवला.

“माझं नाव घाला.”

“घालतो. पहिल्या पत्नी म्हणून.” मी पेन उचललं. शेवंतीबाईंचं नाव खोडायचं का, हे विचारणं भाग होतं. कायद्याने तो निकाल त्यांच्या विरुद्ध जात होता आणि हौसाताईंना ते माहीत होतं. मी विचारलं.

त्या माझ्याकडे अशा बघू लागल्या, जशा चुकीच्या कडेकडे बघत.

“तिला कशाला काढता? एकीचं नाव आलं तर लोक म्हनतील, बिचारी रांडावली. दोघींची येऊ द्या. शेजारी शेजारी. मंग लोक तिच्याबद्दल नाय, माझ्याबद्दल नाय, त्याच्याबद्दल बोलतील.”

मी लिहिलं: पश्चात दोन पत्नी, हौसाबाई व शेवंतीबाई, आणि दोन मुलगे. त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. संध्याकाळी मी कार्यालयाला फोन केला आणि सांगितलं, जागा कमी पडली तर ‘दानशूर’ कापा, ही ओळ कापू नका.

ओळ छापून आली. सकाळी साडेसातला मी एसटी स्टँडवर गेलो, तर हौसाताई तिथे उभ्या होत्या. स्टॉलवरचे सगळे अंक त्यांनी घेतले होते आणि सुतळीने बांधत होत्या. खालापूरची गाडी लागली होती. गठ्ठा त्यांनी कंडक्टरच्या हातात दिला.

“गिरनीच्या नाक्यावर टाक. चावाल्याला सांग, येईल त्याला एकेक द्यायचा.”

“तुम्ही नाही जात?” मी विचारलं. “आज तिसरा दिवस आहे.”

“मी कशाला? जे जायाचं ते गेलं की.”

गाडी सुटली. ती वळेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. स्टुडिओ उघडायची वेळ झाली होती. बाजाराच्या रस्त्याने त्या ताठ मानेने निघाल्या. छापील शाईने दोन्ही तळवे काळे झाले होते आणि पदर हाताशी असूनही त्यांनी ते पुसले नाहीत.